कावेरीचा वशिंडवाला महाशीर: नाव हरवलेल्या एका माशाचं प्रकरण

१९४६ साली काबिनी नदीत एक महाशीर गळाला लागला. वजन भरलं १२० पौंड, म्हणजे चोपन्न किलोच्या थोडं वर. पकडणारा होता म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातला. शिकारीच्या जनावरांत पेंढा भरून देण्यासाठी हे घराणं तेव्हा देशभर प्रसिद्ध होतं. गळाने मासे धरणाऱ्यांच्या जगात हा विक्रम आजही सांगितला जातो. पण ज्या माशामुळे तो झाला त्याचं शास्त्रीय नाव काय, याचं धड उत्तर मिळायला २०१८ उजाडावं लागलं. आणि तोवर मासाच संपत आला होता.

काबिनी ही कावेरीची उपनदी. कावेरीच्या खोऱ्यातल्या या माशाची ओळख पटायला तज्ज्ञ लागत नाही. कल्ल्यांच्या झाकणाच्या वर, डोकं संपतं तिथूनच पाठ एकदम उचललेली, बैलाच्या वशिंडासारखी. पर केशरी. तोंड अगदी समोर किंवा किंचित वर वळलेलं. मोठा झाला की दीड मीटर लांबी आणि पंचेचाळीस किलोच्या पुढे वजन. गळ टाकणारे सरळ रंगावरून बोलत: केशरी पराचा आणि निळ्या पराचा. केशरी म्हणजे हा वशिंडवाला. निळा कोण आणि तो कावेरीत आला कुठून, ते पुढे येईलच. या प्रकरणातला अर्धा घोळ त्याचाच आहे.

नावाची कथा मात्र कावेरीत सुरू होत नाही, ती आपल्या घोड नदीवर सुरू होते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनच्या माशांची वर्णनं १८३९ मध्ये छापली. त्यातली नावं कानाला ओळखीची वाटतात, कारण साइक्सने ती मच्छीमारांच्या तोंडचीच उचलली होती. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून त्याने ‘खुद्री’ घेतला, तर शिरूरजवळ घोड नदीतून ‘मुसुल्ला’. पुढे १९४०च्या दशकात सुंदरलाल होरा यांनी भारतातल्या महाशीरांची छाननी केली तेव्हा दक्षिणेतल्या या उंच पाठीच्या माशाला साइक्सचं मुसुल्ला हे नाव चिकटलं. होरा हे त्या काळातलं मत्स्यशास्त्रातलं सर्वात वजनदार नाव, त्यामुळे कुणी फारशी शंका घेतली नाही. पुस्तकं, अहवाल, सरकारी याद्या, सगळीकडे वशिंडवाला महाशीर म्हणजे ‘टॉर मुसुल्ला’ हेच समीकरण रुजलं.

साइक्सने वर्णन केलेला घोड नदीतला मासा मुळात महाशीर होता का, हा प्रश्न नीट विचारला गेला तो २०१० नंतर. मार्कस नाईट आणि सहकाऱ्यांनी मूळ वर्णन पुन्हा तपासलं आणि तो मासा टॉर या महाशीरांच्या वंशातून काढून हिप्सेलोबार्बस या वेगळ्याच वंशात नेऊन ठेवला. दोन्ही एकाच मोठ्या कुळातले, पण महाशीर नव्हेत. म्हणजे कावेरीतला राक्षसी मासा इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाने वावरत होता. ते नाव मूळ मालकाकडे परत गेलं आणि हा निनावी झाला.

आणि निनावी असणं संवर्धनात फार महाग पडतं. धोक्यातल्या जातींची लाल यादी सहसा रीतसर वर्णन झालेल्या जातींनाच जागा देते. कायद्याच्या अनुसूचीत जायचं तर नाव लागतं, निधीच्या अर्जात नाव लागतं. जगातल्या वीस महाकाय गोड्या पाण्यातल्या माशांत ज्याची गणना व्हायची, त्याच्यासाठी एकही रकाना मोकळा नव्हता.

आता निळ्या पराचा. धरणांमुळे, सुरुंग लावून होणाऱ्या मासेमारीमुळे आणि वाळूउपशामुळे महाशीर कमी होत चालल्याची ओरड जुनी आहे. त्यावर उपाय म्हणून लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात महाशीरचं कृत्रिम प्रजनन सुरू केलं. चं. वि. कुलकर्णी आणि स. ना. ओगले यांचं हे काम देशात पथदर्शी मानलं जातं, आणि ते होतंही. प्रजनन होत होतं खुद्रीचं, म्हणजे आपल्या कृष्णा-भीमा खोऱ्यातल्या निळसर पराच्या महाशीरचं. लोणावळ्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पुढे देशभरातल्या तलावांत आणि नद्यांत गेली, त्यात कावेरीही आली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे महाशीर म्हणजे महाशीर. नदीत महाशीर कमी झाला ना, मग महाशीर सोडा.

यात कुणाची नियत खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगतो, कारण आज मागे वळून बोट दाखवणं फार सोपं आहे. बोटुकलीच्या पिशवीवर जात लिहायची तर आधी जाती किती आणि कोणत्या हे ठाऊक हवं, आणि तेच तर ठाऊक नव्हतं.

याचे परिणाम दिसले ते एका अनपेक्षित जागी: मासेमारीच्या छावणीच्या नोंदवहीत. कावेरी अभयारण्याच्या पट्ट्यात गॅलिबोरे इथे गळाची मासेमारी करणाऱ्यांची छावणी होती. मासा पकडायचा, तोलायचा, नदीत परत सोडायचा असा तिथला नियम. कोण किती तास बसला, काय लागलं, वजन किती, हे सगळं लिहून ठेवलं जाई. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी मिळवल्या. साडेतेवीस हजारांहून जास्त तासांची मासेमारी, सहा हजारांहून जास्त महाशीर. एवढी सलग माहिती भारतातल्या दुसऱ्या एखाद्या नदीतल्या माशाबद्दल क्वचितच असेल.

सगळे महाशीर एकत्र मोजले तर चित्र छान दिसत होतं. वर्षागणिक मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत होती आणि सरासरी वजन उतरत होतं, म्हणजे लहान मासे भरपूर येत होते. नदी सुधारतेय, पकडून सोडण्याचा उपाय लागू पडतोय, असाच अर्थ कुणीही काढला असता. मग त्यांनी तीच वही रंगावरून वेगळी केली. वाढत होता तो सगळा निळ्या पराचा. केशरी पराचे आकडे घसरत होते, आणि जे थोडे लागत होते ते मोठेच लागत होते. मोठे मासे लागणं ही वरवर आनंदाची बातमी वाटते. पण खोऱ्यात म्हातारेच उरलेत, पिल्लं येत नाहीत, असा त्याचा अर्थ. गावात फक्त सत्तरीच्या पुढची माणसं दिसायला लागली तर लोकांचं आयुष्यमान वाढलं असं आपण म्हणत नाही.

तर हातात एक मरणपंथाला लागलेला मासा होता. त्याला नाव द्यायचं ठरलं, तर पहिला प्रश्न: ही नवीन जात म्हणून जाहीर करायची, की कुणी आधीच हिला नाव देऊन ठेवलंय?

इथे एक छोटी नदी प्रकरणात शिरते. केरळात चव्वेचाळीस नद्या. त्यातल्या फक्त तीन पूर्वेकडे वाहतात आणि कावेरीला मिळतात: काबिनी, भवानी आणि पांबार. पांबार त्यातली सर्वात दक्षिणेची. चिन्नार अभयारण्यातून जाऊन ती पुढे अमरावती होते. या पांबारमधल्या महाशीरवरून बी. मधुसूदन कुरूप आणि के. व्ही. राधाकृष्णन यांनी २००७ मध्ये ‘टॉर रेमादेवीआय’ ही जात जाहीर केली होती. भारतीय प्राणी सर्वेक्षणातल्या मत्स्यतज्ज्ञ के. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ हे नाव. (लॅटिनच्या व्याकरणात शेवटचा प्रत्यय पुरुषाचा आहे आणि बाई तर बाई आहेत, पण एकदा छापलेलं नाव तसंच राहतं, त्यामुळे ही चूक आता कायमची.) वर्णन केलेले मासे लहान होते. वशिंड वयाबरोबर चढत जातं, त्यामुळे ओहोळातलं वीतभर पिल्लू आणि मुख्य नदीतला चाळीस किलोचा धूड शेजारी ठेवले तरी दोघं एक आहेत असं केवळ नजरेने कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. शरीराची मापं मदत करतात, पण वाढत्या वयाबरोबर बदलणारं शरीर हा कच्चा साक्षीदार. वयाबरोबर न बदलणारी गोष्ट हवी होती.

ती म्हणजे डीएनए. त्यातही आधी हात जातो तो मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएकडे, आणि त्याची कारणं नीट समजून घेण्यासारखी आहेत.

पेशीत केंद्रकाबाहेर ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो, गोल कड्यासारखा. डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांची लांब ओळ. माशांमध्ये त्याची लांबी साधारण साडेसोळा हजार अक्षरं आणि त्यावर ३७ जनुकं. केंद्रकातला संच पेशीत मोजकाच, याच्या प्रती मात्र शेकडो-हजारो. त्यामुळे अगदी थोड्या किंवा जुन्या, खराब झालेल्या ऊतीतूनही तो मिळण्याची शक्यता जास्त. शिवाय तो आईकडूनच येतो. बापाचा वाटा नाही, म्हणून पिढ्यांमागून पिढ्या पत्ते पिसले जात नाहीत. आईच्या बाजूची वंशावळ सरळ धाग्यासारखी मागे जाते. आणि केंद्रकातल्या डीएनएपेक्षा त्यात बदल सहसा लवकर साचतात, म्हणून अलीकडे वेगळ्या झालेल्या जातींमधला फरकही त्यात उमटतो.

महाशीरच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि ते बहुतेक लेखांत सुटून जातं. टॉर वंशाच्या माशांत १०० गुणसूत्रं असतात. त्यांच्या बऱ्याच नातलगांत ५०. म्हणजे पूर्वी कधीतरी या वंशाच्या पूर्वजांत अख्खा संच दुप्पट झाला. केंद्रकातलं एखादं जनुक वाचायला जावं तर त्याच्या जवळपास सारख्या दोन आवृत्त्या एकमेकांत मिसळून समोर येतात, आणि आपण जातीजातींतला फरक मोजतोय की एकाच माशातल्या दोन आवृत्त्यांतला, हेच कळेनासं होतं. मायटोकॉन्ड्रियाच्या कड्याला या दुपटीचा स्पर्श झालेला नाही. महाशीरच्या नात्यांचा जो काही नकाशा आज आहे, तो बराचसा या कड्याच्या जोरावर आहे, यामागे हे रोकडं तांत्रिक कारण आहे.

प्रत्यक्ष काम दिसायला साधं असतं. माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापायचा, अल्कोहोल भरलेल्या कुपीत टाकायचा, कुपीवर नदी आणि तारीख लिहायची, मासा पाण्यात सोडायचा. पर पुन्हा वाढतो. प्रयोगशाळेत डीएनए बाहेर काढून ठरावीक जनुकाच्या हजारो-लाखो प्रती करायच्या आणि अक्षरं वाचायची. माशांच्या ओळखीसाठी सर्वात रुळलेला तुकडा सीओआय या जनुकाचा, सुमारे साडेसहाशे अक्षरांचा. मग पडद्यावर प्रत्येक माशाची एक ओळ, ओळीखाली ओळ. बहुतेक रकान्यांत वरपासून खालपर्यंत एकच अक्षर. मध्येच एका रकान्यात वरच्या आठ ओळींत ए आणि खालच्या सहा ओळींत जी. पुढे आणखी एक असा रकाना, मग आणखी एक. असे रकाने मोजत गेलं की ओळी आपोआप गट करून बसतात, आणि त्या गटांतून नात्यांचं झाड, म्हणजे वंशवृक्ष, उभं राहतं.

किती फरक म्हणजे वेगळी जात? ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये २०७ जातींच्या माशांवर हा तुकडा तपासला गेला तेव्हा एकाच जातीतल्या माशांत सरासरी ०.३९ टक्के फरक आढळला, तर एकाच वंशातल्या दोन जातींत सरासरी ९.९३ टक्के. हे आकडे वाचून वाटतं की रेघ ओढणं हातचा मळ आहे. पण त्यातले बहुतेक मासे समुद्रातले. महाशीरसारख्या गटात जातीजातींतलं अंतर त्यापेक्षा बरंच कमी भरतं. त्यामुळे अमुक टक्क्यांच्या वर गेलं की नवी जात, असा ठोकताळा इथे चालत नाही. झाडावर गट स्वच्छ वेगळा पडतो का आणि शरीराची लक्षणं त्याला दुजोरा देतात का, हे दोन्ही पाहावं लागतं.

आणि या सगळ्याच्या आधी एक अट. नाव ज्या जागेच्या माशाला दिलं गेलं, त्याच जागेचा मासा तुलनेला हवा. शास्त्रीय नाव हे एका विशिष्ट नमुन्याला बांधलेलं असतं, वर्णनाला नव्हे. जुने नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असले तर त्यांचा डीएनए तुटलेला असतो. काहींचे तर नमुनेच राहिलेले नाहीत. म्हणून मूळ ठिकाणी पुन्हा जाऊन तिथला मासा घ्यायचा. मुळा-मुठेचं पाणी आज ज्या अवस्थेत आहे, त्यात साइक्सच्या खुद्रीसाठी हे करायला निघालात तर काय हाती लागेल याची कल्पना करा. पांबारच्या बाबतीत नशीब चांगलं होतं.

२०१८च्या जूनमध्ये निकाल छापून आला. पिंडर, राघवन, नाईट, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि इतर सहकारी असा तो गट. पांबारच्या मूळ ठिकाणचे मासे, संग्रहालयातले नमुने आणि वशिंडवाला महाशीर यांची शरीरमापं आणि डीएनए दोन्ही ताडून पाहिले गेले. वशिंडवाला आणि रेमादेवी एकच निघाले. बाकीच्या महाशीरांपासून, खुद्रीपासूनही, ही फांदी वेगळी. ज्या माशासाठी नवं नाव शोधायचं म्हणून सगळे निघाले होते, त्याला अकरा वर्षांपूर्वीच नाव मिळालेलं होतं, फक्त ते एका लहानग्या पिल्लाला दिलेलं होतं.

मला या प्रकरणात सर्वात आवडतो तो हा भाग. नवी जात जाहीर करण्यात जास्त मान असतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. इथे पुरावा त्या मोहाच्या उलट दिशेने गेला आणि लोकांनी तो तसाच मांडला.

नाव पक्कं होताच चक्रं हलली. त्याच वर्षी लाल यादीत टॉर रेमादेवीची नोंद झाली: अतिसंकटग्रस्त, म्हणजे जंगलातून नामशेष होण्याच्या आधीची शेवटची पायरी. आणि आधी संकटग्रस्त समजला जाणारा खुद्री फेरतपासणीत किमान चिंतेच्या गटात आला. एका महाशीरचं नाव वापरून दुसऱ्याची चिंता करत राहिल्याने काय होतं, ते या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की दिसतं. रेमादेवी आता कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूतल्या मोजक्या जागी उरला आहे. त्यातली महत्त्वाची एक म्हणजे भवानीला मिळणारी मोयार.

इथवर मायटोकॉन्ड्रिया हा नायक आहे. यापुढे त्याच्यावर किती विसंबायचं, हा खरा पेच आहे.

मासा इतका कमी उरला की बंदिस्त प्रजननाचा विचार येणारच. नदीतून काही मासे आणायचे, त्यांची पिल्लं वाढवायची, परत सोडायची. पण त्याच नदीत गेली चाळीसेक वर्षं खुद्री आहे, आणि महाशीरांच्या जातींचा आपसात संकर होऊ शकतो. मग टाकीत ठेवलेला केशरी पराचा मासा अस्सल कशावरून? पराचा तुकडा घेतला, सीओआय वाचला, उत्तर आलं रेमादेवी. पुरे?

पुरे नाही. चाचणीने सांगितलं ते एवढंच की या माशाची आई, तिची आई, तिची आई या रांगेच्या टोकाला रेमादेवी होती. बाप कोण, यावर तिने अवाक्षर काढलेलं नाही. समजा अस्सल रेमादेवी मादीची अंडी खुद्री नराने फळवली. पिल्लांचं केंद्रक निम्मं खुद्री, मायटोकॉन्ड्रिया शंभर टक्के रेमादेवी. त्यातल्या मादीला पुन्हा खुद्री नर मिळाला, कारण नदीत आता तेच जास्त आहेत. पुढच्या पिढीत रेमादेवीचा वाटा पाव. मग अष्टमांश. पाचव्या पिढीत सरासरी बत्तिसावा हिस्सा, म्हणजे जेमतेम तीन टक्के उरतो. तो मासा दिसायला, वागायला, वाढायला जवळजवळ खुद्री असेल. मायटोकॉन्ड्रियाची चाचणी त्याच्या प्रमाणपत्रावर तरीही बेधडक रेमादेवी असाच शिक्का मारेल.

उलटही होऊ शकतं. फार पूर्वी कधीतरी एखादी खुद्री मादी कावेरीतल्या वंशावळीत शिरली असेल आणि तिच्या मुली-नाती पिढ्यानपिढ्या रेमादेवी नरांनाच भेटल्या असतील, तर आज वशिंड, केशरी पर, समोर तोंड असा अंगापिंडाने पक्का मासा चाचणीत परका ठरेल. लाखमोलाचा मासा टाकीबाहेर.

म्हणून प्रजननासाठी मासा निवडताना मायटोकॉन्ड्रियाच्या चाचणीला मी चाळणी मानतो, निकाल नाही. परक्या फांदीचा मासा तिच्यात अडकला तर तो बाजूला ठेवावा, पण फेकू नये. पार झाला त्याचं तोंड, वशिंडाची सुरुवात, परांचे रंग पाहावेत. त्यानंतर केंद्रकातल्या अनेक जागा एकदम वाचाव्यात. दुप्पट संचामुळे हे काम किचकट आणि खर्चिक आहे, पण आता अशक्य राहिलेलं नाही. आणि शक्य असेल तर खुद्री जिथे कमी पोचलाय अशा वरच्या अंगाच्या ओढ्यांतूनच मूळ मासे घ्यावेत. पांबारसारख्या ठिकाणाचं मोल इथे पुन्हा कळतं.

यातली एकही पायरी पराच्या तुकड्याशिवाय सुरू होत नाही, आणि तुकडा घ्यायला आधी मासा हातात यावा लागतो. तो हातात येण्याची सर्वात जुनी व्यवस्था म्हणजे गळाच्या छावण्या. वन्यजीव कायद्याच्या अर्थावरून संरक्षित क्षेत्रातली गळाची मासेमारी बंद झाली, छावण्या उठल्या, आणि गॅलिबोरेच्या नोंदी २०१२ला थांबल्या. शेवटच्या पानांवर निळ्यांची गर्दी आहे. मध्ये कुठेतरी एखादा केशरी, वजनाने सगळ्यांत भारी.